अकरा वाजताचं पाणी : दिंडोरीकडच्या एका तलावातल्या मत्स्यमृत्यूचं प्रकरण

पार्श्वभूमी

तलाव नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात आहे, एवढंच सांगतो. गावाचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदलले आहेत. घटना काही वर्षांपूर्वीची, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. मी तेव्हा नाशिकच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होतो.

१९७२च्या दुष्काळानंतर राज्यभर मातीचे बांध घालून जे तलाव झाले, त्या पिढीतला हा एक. एका ओढ्यावर बांध, एका अंगाला सांडवा, बांधाच्या पोटातून शेतीला पाणी सोडणारी मोरी. पावसाळ्यानंतर बांधाजवळ तीस फूट पाणी असतं. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलं की मे अखेरीस ते नऊ-दहा फुटांवर येतं. वरच्या अंगाला द्राक्षबागा, टोमॅटो आणि कोंबड्यांच्या दोन-तीन शेड. गावच्या नळयोजनेची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, याच तलावात. मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे. सभासद बहुतेक आदिवासी कोळी कुटुंबांतले. दर पावसाळ्यानंतर रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळी लावायची, असा त्यांचा वर्षाचा हिशेब.

उथळ पाण्याबद्दल नाशिककरांना एक गोष्ट माहीत असते. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा गाळानं भरत गेला, बेटं आणि दलदल तयार झाली, आणि त्यातूनच पक्ष्यांचं ते ठिकाण घडलं, ज्याला पुढे महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. पक्ष्यांना जे उथळपण मानवतं तेच माशांना उन्हाळ्यात घातक ठरू शकतं. गंगापूरसारख्या मोठ्या धरणात खालचं पाणी बिघडलं तरी वर सरकायला जागा असते. नऊ फुटांच्या तलावात मासा जाणार कुठे?

ती सकाळ

आदल्या तीन दिवसांत आभाळ सतत भरलेलं होतं. वारा पडलेला, अंगाला घाम चिकटून राहावा अशी हवा. पाण्यावर पंधरा दिवसांपासून हिरवी साय धरली होती. बायका सांगत होत्या की नळाच्या पाण्याला मातकट वास येतोय, हंडा धुतला तरी जात नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वावटळ सुटली आणि वळवाचा जोरदार पाऊस झाला. गारठा पडला.

पहाटे साडेचारच्या सुमारास तलावाच्या राखणदाराला पाणी चुळबुळताना दिसलं. बॅटरी मारली तर बांधाच्या कडेनं सगळीकडे माशांची तोंडं वर. मोठे कटले पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड उघडून हवा ओढत होते, हातानं उचलावेत इतके सुस्त. सहा वाजेपर्यंत ते पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. नऊपर्यंत सारं गाव बांधावर.

संस्थेचे चेअरमन, त्यांना आपण आप्पा म्हणू, त्यांनी पहिलं वाक्य काढलं ते असं : "हे पाणी कुणीतरी मारलंय."

संशयाला नाव होतंच. तलावात येणाऱ्या ओढ्याच्या काठी एका बागायतदाराची द्राक्षबाग आहे; त्यांना तात्या म्हणू. आदल्या संध्याकाळी पावसाच्या आधी तात्यांनी बागेत फवारणी केली होती आणि ब्लोअरची, म्हणजे फवारणीच्या यंत्राची, टाकी ओढ्यात धुतली होती. दोघातिघांनी ते पाहिलं होतं. तात्या नाकारतही नव्हते. दोन वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून त्यांचा आणि आप्पांचा वाद झाला होता, त्याची आठवण त्या सकाळी प्रत्येकाला झाली.

पंचनाम्यात काय आलं, काय राहिलं

अकराच्या सुमारास तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आले. मेलेल्या माशांचे फोटो काढले, अंदाजे वजन लिहिलं आणि पाण्याचा नमुना घेतला. रिकाम्या मिनरल वॉटरच्या बाटलीत, बांधाच्या पायरीवरून, वरवरचं पाणी, बाटली पाऊणच भरलेली. ती पिशवीत घालून मोटरसायकलच्या हँडलला लटकवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत पोचली. पाच दिवसांनी अहवाल आला : विरघळलेला प्राणवायू सहा मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर, सामू (पीएच) थोडा जास्त, बाकी ठीक. गावानं त्याचा अर्थ सरळ लावला. पाण्यात प्राणवायू भरपूर होता, म्हणजे मासे गुदमरून मेले नाहीत, म्हणजे विषच.

यात कुणी खोटेपणा केला नाही. प्रयोगशाळेनं जे बाटलीत होतं ते मोजलं. पण त्या बाटलीत पहाटे साडेचारचं पाणी नव्हतंच. ऊन आल्यावर शेवाळ पुन्हा प्राणवायू सोडायला लागतं, वारा वरचं पाणी हलवतो, आणि अर्धवट भरलेली बाटली वीस-पंचवीस किलोमीटर हिंदकळली की तिच्यातली हवाच पाण्यात मिसळते. प्राणवायू मोजायचा तर बाटली काठोकाठ, एकही बुडबुडा न ठेवता भरावी लागते आणि तिथल्या तिथे रसायन घालून तो बांधून ठेवावा लागतो. विंकलरची ही रीत १८८८ पासून आहे, आणि तिला लागणारं सामान एका छोट्या पेटीत मावतं.

विषाचा खरोखर शोध घ्यायचा असता तर काचेच्या स्वच्छ बाटलीत पाणी आणि नुकताच मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा बर्फात, असं दोन्ही लागलं असतं. तेही कुणी घेतलं नाही. माझा एक जुना विद्यार्थी त्याच गावचा; त्यानं मला दुपारी बाराला फोन केला. मी पोचलो तेव्हा दोन वाजले होते आणि मासे फुगायला लागले होते.

बांधावर एक म्हातारे मच्छीमार बसले होते. मी विचारलं, बाबा, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "पाणी उलटलं. रात्री सांडव्याकडं घाण वास सुटला होता, अंडं सडल्यावाणी. माझ्या बापाच्या वेळीबी एकदा उलटलं होतं." हे वाक्य पंचनाम्यात नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

खुणा

त्या दुपारी मी मेलेल्या माशांपेक्षा जिवंत काय आहे ते जास्त पाहिलं. ते पाहायला कसलंही यंत्र लागत नाही.

मोठे कटले सगळ्यांत आधी गेले होते, मग रोहू. बोटभर पिल्लं मात्र बरीच जिवंत. विष असलं तर साधारणपणे लहान जीव आधी जातात. प्राणवायू संपला तर मोठे आधी जातात, कारण पृष्ठभागाला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरातून लहान मासा आपली गरज भागवू शकतो. चिलापी धापा टाकत होती, पण तगून होती. आणि मरळ एकही मेली नव्हती. मरळीला हवेतून श्वास घेता येतो. पाण्यात प्राणवायू नसला तरी ती वर येऊन घोट घेते. विषातून तिला अशी सूट मिळण्याचं काही कारण नव्हतं.

खेकडे दगडांवर येऊन बसले होते. पाण्यावर धावणारे किडे नेहमीसारखे धावत होते. मी एक पांढरा रुमाल पाण्यातून ओढला आणि भिंगाखाली पाहिला, तर पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले अगदी बारीक जीव, वळवळत होत्या. कीटकनाशकाला या पाणपिसवा इतक्या नाजूक असतात की प्रयोगशाळांमध्ये विषारीपणा तपासायला त्याच वापरतात.

सगळ्यांत मोठी खूण ओढ्याच्या मुखाशी होती. जिथे ब्लोअर धुतला, त्याच ओढ्याचं पाणी जिथे तलावात शिरतं, तिथेच सर्वांत जास्त पिल्लं आणि झिंगे जिवंत गोळा झाले होते. विष त्या वाटेनं आलं असतं तर तो कोपरा आधी मेला असता. वाहत्या पाण्यासोबत थोडा प्राणवायू येत होता, म्हणून मासळी तिथे दाटली होती.

मग फवारणी आणि मासे मरणं एकाच रात्री कसं? याचं उत्तर सापडेपर्यंत मलाही चैन नव्हतं. ढगाळ दमट हवा आली की द्राक्षवाला बुरशीच्या भीतीनं फवारणीला धावतोच. नाशिक जिल्ह्यात त्या संध्याकाळी शेकडो ब्लोअर चालले असतील. आणि त्याच ढगांमुळे तलावातल्या शेवाळाला ऊन मिळालं नाही. एकाच आभाळानं दोन गोष्टी घडवल्या, आणि गावानं त्यातली एक दुसरीचं कारण मानली.

पाण्यात काय घडत होतं

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला मी आणि तो विद्यार्थी ट्यूबच्या तराफ्यावरून आत गेलो. बांधाजवळ पृष्ठभागावर प्राणवायू १.४ मिलिग्रॅम, दोन मीटर खाली ०.३. ओढ्याच्या मुखाशी ३.६. बांधाजवळ दुपारी बाराला पृष्ठभागावर ५.९. कार्प जातीच्या माशांना पाच तरी हवा. तीनच्या खाली ते त्रासतात, एकच्या आसपास मरतात. सकाळी उशिरा घेतलेला नमुना का फसवतो, हे या दोन आकड्यांत आप्पांनाही दिसलं, पण ते काही बोलले नाहीत.

झालं असं होतं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण श्वास मात्र ते दिवसरात्र घेतं. ऊन असलं की जमाखर्च जुळतो. तीन दिवस ढग राहिले तेव्हा नुसता खर्च चालू राहिला. तळाशी, गाळाजवळ, प्राणवायू आधीच संपलेला होता, कारण वरचं गरम पाणी आणि खालचं थोडं थंड पाणी वारा नसताना मिसळत नाही. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : गरम पाण्यात एका अंशाच्या फरकानं घनतेत जो फरक पडतो, तो थंड पाण्यातल्या एका अंशाच्या फरकापेक्षा कित्येक पट जास्त असतो. म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक-दोन अंशांचा फरकही दोन थर वेगळे ठेवायला पुरतो. मग वावटळ आली, थंड पाऊस वरून पडला, वरचं पाणी जड होऊन खाली गेलं आणि तळाचं कुजकं पाणी वर आलं. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. बाबांचं "पाणी उलटलं" शब्दशः खरं होतं.

शेवाळ इतकं का माजलं, याची उत्तरं बरीच आहेत. बागांमधला झिरो-बावन्न-चौतीस हे फॉस्फरसचं खत आणि इतर खतं मातीला चिकटून गाळासोबत येतात. पाणी कमी झालं की तेवढंच खत थोड्या पाण्यात दाट होतं. एक ग्रॅम फॉस्फरसावर साधारण शंभर ग्रॅम सुकं शेवाळ वाढू शकतं, आणि ते कुजताना जवळपास एकशे चाळीस ग्रॅम प्राणवायू खातं. म्हणून थोड्या खताचाही परिणाम मोठा होतो.

आणखी एक कारण मला तिसऱ्या दिवशी कळलं. मार्च महिन्यात संस्थेनं स्वतः दोन ट्रॉल्या कोंबडीखत तलावात टाकलं होतं. कुणीतरी शेततळ्यातल्या मत्स्यपालनाच्या शिबिराला जाऊन आलं होतं. तिथे खत टाकून माशांचं नैसर्गिक खाद्य वाढवतात, हे ऐकलं होतं. शेततळ्यात, मोजून, पाणी बदलत, ते चालतं. ज्या तलावाचं पाणी गाव पितं आणि जो मेमध्ये नऊ फुटांवर येतो, तिथे ते टाकायला नको होतं.

समोर असलेले पर्याय

पहिल्या संध्याकाळी संस्थेच्या ओट्यावर बैठक झाली. निम्म्याहून जास्त मासळी अजून जिवंत असावी असा अंदाज होता आणि आभाळ पुन्हा भरून येत होतं. म्हणजे प्रश्न त्याच रात्रीचा होता. ज्या सूचना आल्या त्या सगळ्या चांगल्या हेतूनं आल्या, पण त्यातल्या दोन अमलात आल्या असत्या तर उरलेली मासळीही गेली असती.

चुना टाका, ही पहिली. दोन टन चुन्याची ऑर्डर आप्पांनी फोनवर दिलीही होती. चुना पाणी शुद्ध करतो, हे सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. पण या तलावाचा सामू दुपारी ९.१ होता, शेवाळ माजलेल्या पाण्याचा असाच चढतो. पाण्यात अमोनिया दीड मिलिग्रॅमच्या आसपास निघाला. अमोनियाचं विषारी रूप सामूवर अवलंबून असतं : सामू आठाच्या खाली असला तर वीसात एक भाग विषारी, नऊच्या वर गेला तर जवळपास निम्मा. चुन्यानं सामू आणखी चढला असता. मी ही ऑर्डर थांबवायला लावली. सामू आणि अमोनिया त्या दुपारी पट्ट्यांवर मोजले नसते तर मला ठामपणे नाही म्हणता आलं नसतं, हेही खरं.

मोरचूद मारा, ही दुसरी. बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी प्रत्येक बागायतदाराच्या घरात मोरचुदाची गोणी असतेच, आणि मोरचुदानं शेवाळ मरतं हेही खरं. पण सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजायला लागणारा प्राणवायू आणायचा कुठून? शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली मला निळ्या-हिरव्या शेवाळाचे पुंजके दिसले होते, मायक्रोसिस्टिस. त्याच्या पेशी फुटल्या तर आतलं विष पिण्याच्या पाण्यात उतरू शकतं, आणि ते उकळून जात नाही.

तिसरी सूचना एका तरुणाची : चार ब्लोअर आणू, पाणी उडवू. कल्पना योग्य, साधन अयोग्य. ब्लोअरच्या टाकीत, नळीत, फवाऱ्यात वर्षभराच्या औषधांचा अंश असतो. गावाला विषाचा संशय असताना खरोखर विष पाण्यात जायची वेळ आली असती.

वरच्या धरणातून पाणी मागवण्याचा विषय निघाला आणि लगेच संपला. कालव्यात पाणी नव्हतं. तळाची मोरी उघडून घाण पाणी सोडून द्यावं असंही कुणी म्हणालं. तलाव भरलेला असता तर ती चांगली युक्ती होती, कारण मोरी तळातूनच पाणी घेते. नऊ फुटांवर ती परवडणारी नव्हती.

उरला मोटारींचा पर्याय : एका कोपऱ्यात पाणी उचलून उडवायचं.

काय केलं

आम्ही ओढ्याच्या मुखाचा कोपरा निवडला, कारण मासळी आपणहून तिथे आली होती. सगळा तलाव वाचवायचा नाही, एवढं बैठकीत स्पष्ट सांगितलं. पाच अश्वशक्तीची मोटर सेकंदाला दहाएक लिटर पाणी उचलते असं धरलं, आणि प्रत्येक लिटरमागे पाच-सहा मिलिग्रॅम प्राणवायू मिसळला असं धरलं, तर तासाला दोनशे ग्रॅमच्या आसपास प्राणवायू मिळतो. तो सात-आठशे किलो माशांना कसाबसा पुरेल, आणि त्यातलाही वाटा कुजणारा गाळ खातो. बांधावर हा हिशेब खडूनं लिहून दाखवला तेव्हा चार मोटारी का लागणार हे लोकांना पटलं.

दोन गोष्टी चुकल्या असत्या तर सगळं वाया गेलं असतं. एक, फुटबॉल, म्हणजे मोटारीच्या नळीचं पाणी ओढणारं तोंड, तळाशी सोडला असता तर मोटर नेमकं तळाचं सडकं पाणी उचलून वर टाकत राहिली असती. म्हणून तो ट्यूबला बांधून दोन फुटांवर तरंगत ठेवला. दोन, वीज. त्या आठवड्यात शेतीच्या फीडरला दिवसाची पाळी होती आणि आम्हाला मोटारी हव्या होत्या रात्री बारा ते सकाळी सातपर्यंत. गावठाणाच्या लाइनवर दोन मोटारी जेमतेम चालल्या. उरलेल्यांसाठी डिझेल इंजिन लागणार होतं, आणि दोन मोठी इंजिनं एकाच माणसाकडे होती.

आप्पा म्हणाले, त्याच्या दारात मी जाणार नाही. शेवटी संस्थेच्या सभासद असलेल्या एक मावशी उठल्या आणि तात्यांच्या वस्तीवर गेल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. अर्ध्या तासात दोन्ही इंजिनं ट्रॅक्टरवर आली, टाक्या भरलेल्या होत्या. सोबत तात्यांचा मुलगा होता. तात्या स्वतः आले नाहीत.

पाणी छिद्रं पाडलेल्या पाइपातून बांधाच्या दगडांवर आपटवलं. पहाटे त्या कोपऱ्यात प्राणवायू ३.६ होता, बाकी तलावात १.४. हा फरक मोटारींचा किती आणि ओढ्याचा किती, हे मी सांगू शकत नाही. मोटारी बंद ठेवून मोजायची हिंमत कुणाची होती? त्या सकाळीही कटले मेले, पण आदल्या दिवसाच्या मानानं थोडे. पाच रात्री मोटारी चालल्या. सहाव्या दिवशी ऊन पडलं.

मेलेल्या माशांबद्दलचा निर्णय पहिल्याच दुपारी घ्यावा लागला. एक व्यापारी टेम्पो घेऊन आला होता, पाव किमतीत सगळं उचलायला तयार होता. कारण माहीत नसताना मेलेला मासा खाण्यासाठी विकायचा नाही, हे मी सांगितलं. सभासदांचे चेहरे मला अजून आठवतात. वर्षाची कमाई होती ती. पाण्यापासून दूर, चार फूट खड्डा करून मासे पुरले. चुना कामाला आला तो इथे. जॅकवेल बंद करून आठ दिवस गावाला टँकरचं पाणी दिलं.

अहवालाचा पेच

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय पाण्याचा नव्हता.

विष ठरलं असतं तर भरपाई मागायला कुणीतरी समोर होतं. प्राणवायू संपला असं ठरलं तर समोर कुणीच नाही. तीसेक कुटुंबांचं नुकसान तेवढंच, पण एका कागदानं त्यांना दाद मागता येणार आणि दुसऱ्यानं नाही. आप्पा माझ्याकडे नाशिकला आले. म्हणाले, "सर, तुम्ही ठामपणे विष नाही असं लिहू नका. आणि ते कोंबडीखताचं तर लिहूच नका. आमच्याच पायावर धोंडा पडेल."

मी दोन दिवस घेतले. शेवटी जे दिसलं ते लिहिलं : प्राणवायू संपून मृत्यू झाल्याची शक्यता फार मोठी, कीटकनाशकाची तपासणी झालेली नाही, त्यामुळे ते शंभर टक्के नाकारता येत नाही, पण कोपऱ्यातली जिवंत पिल्लं, मरळ आणि पाणपिसवा त्याच्या विरोधात आहेत. कोंबडीखताचाही उल्लेख केला, अनेक कारणांपैकी एक म्हणून. आणि ओढ्यात ब्लोअर धुणं या घटनेचं कारण नसलं तरी ते ताबडतोब थांबलं पाहिजे, हेही लिहिलं. तात्यांना ते आवडलं नाही. आप्पा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत.

खत लिहायचं टाळलं असतं तर पुढच्या मार्चमध्ये पुन्हा ट्रॉल्या गेल्या असत्या. मला त्यापुढे दुसरं काही दिसत नव्हतं.

निकाल

पोलिसांकडे अज्ञाताविरुद्ध दिलेला अर्ज तसाच राहिला. भरपाई मिळाली नाही. अंदाजे निम्मी मासळी गेली; कटला जवळपास सगळा, रोहू बराचसा.

पुढच्या वर्षी वेगळाच त्रास. मोठे मासे गेल्यानं रिकामी झालेली जागा चिलापीनं भरली. ती लवकर वाढते, सारखी विते, आणि तळहाताएवढ्या चिलापीला बाजारात भाव नाही. बारीक बीज सोडलं ते टिकलं नाही. त्यानंतर संस्थेनं आकड्यानं कमी पण चार इंचांची बोटुकली घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी ते महाग वाटलं, पण जाळ्यात आलेला रोहू पाहून कुरकुर थांबली.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गाळमुक्त धरण योजनेतून तलावाचा बराच गाळ निघाला आणि शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. खोली वाढली हा फायदा सगळे मोजतात. माझ्या दृष्टीनं त्या ट्रॉल्यांमधून तळाशी साठलेला फॉस्फरसही शेतात परत गेला, हे जास्त मोलाचं.

पहाटेची नोंद मात्र टिकली. तो विद्यार्थी आता गावातच असतो. एप्रिलपासून आठवड्यातून दोनदा तो पहाटे प्राणवायू मोजतो आणि दुपारी पाण्यात एक ताटली सोडतो. काळा-पांढरा रंग दिलेली साधी स्टीलची ताटली, दोरीला गाठी मारलेल्या. ती एका फुटाच्या आत दिसेनाशी झाली की शेवाळ धोक्याच्या पलीकडे गेलं असं ठरवलं आहे. दोन वर्षांनी मे महिन्यात ताटली वीतभर पाण्यातच नाहीशी झाली आणि आभाळ भरून आलं. त्या दिवशी संस्थेनं जाळी टाकली, विकण्याजोगा सगळा कटला जिवंत काढला आणि नाशिकला पाठवला. वावटळ आली तशी गेली. काही मासे मेलेच, पण मोजण्याइतके.

पुन्हा वेळ आली तर

मेलेले मासे विकू दिले नाहीत, ते मी पुन्हाही तसंच करेन. पण जिवंत मासे जाळ्यानं काढायलाही मी दोन दिवस मनाई केली होती, आणि ती चूक होती. दुसऱ्या पहाटेच्या आकड्यांनंतर कारण पुरेसं स्पष्ट होतं. नमुन्याचे दोन मासे तपासणीला बाजूला ठेवून बाकीचा कटला त्याच सकाळी काढला असता तर कितीतरी घरांचं वर्ष वाचलं असतं. संशयाला वाव राहू नये म्हणून मी जास्त सावध झालो आणि त्याची किंमत त्यांनी दिली.

मी दोन वाजता पोचलो, हेही सलतं. फोन बाराला आला होता, तासिका होती, ती घेऊन निघालो. मरायला टेकलेला एक मासा बर्फात मिळाला असता तर विषाचा प्रश्न कायमचा मिटला असता. आता संस्थेच्या कपाटात एक पेटी आहे : काठोकाठ भरायच्या बुचाच्या बाटल्या, विंकलरची रसायनं, काचेच्या दोन बाटल्या, सामूच्या पट्ट्या, आणि झाकणावर चिकटवलेला कागद, "आधी पाणी, मग फोटो. वेळ लिहा."

आणि बाबांना मी पहिल्या तासात विचारलं असतं तर निम्मा शोध तिथेच संपला असता.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. बांधाच्या आतल्या दगडावर गावानं लाल रंगाची एक पट्टी ओढली आहे. पाणी तिच्या खाली गेलं की मासळीला धोका, असा संकेत. मेमध्ये द्राक्षाच्या नव्या काड्यांना पाणी लागतं, गुरांना लागतं, आणि पट्टीच्या खालीही पाच-सहा फूट पाणी डोळ्यांसमोर दिसत असतं. गेल्या वर्षी पाणी पट्टीला टेकलं तेव्हा बैठक झाली. आप्पा होते, तात्याही होते. मोरी बंद करायची की चार दिवस आणखी चालू ठेवायची यावर रात्री अकरापर्यंत बोलणं चाललं. शेवटी दोन दिवसांवर तडजोड झाली, आणि त्या दोन्ही पहाटे मोरीच्या चाकाशी दोघांचीही माणसं उभी होती.